पिंजाऱ्याची स्वतःची गादी

आमच्या गावात दर सप्टेंबरात कोणीतरी अक्रोडाच्या झाडावरून पडतं. त्या वर्षी स्पिरिदोनकाका पडले.

काठीनं अक्रोड झोडपत होते. पायाखालची फांदी मोडली. खाली पडल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते बायकोशी, असं शेजारी सांगतात. "बघत काय उभी राहिलीस? अक्रोड वेच." मग उठायला म्हणून त्यांनी पाय ओढले. पाय आले नाहीत.

स्पिरिदोनकाका आमच्या गावातले शेवटचे पिंजारी. बाल्कन डोंगरात मेंढ्या आहेत तोवर लोकर आहे, आणि लोकर आहे तोवर मी आहे, असं ते म्हणत. चर्चसमोरच्या चौकात त्यांचं दुकान, वर घर. तुळईला दोरानं टांगलेली माणसाहून उंच धनुकली, तिच्यावर ताणलेली तात, आतड्याची दोरी. लाकडी ठोकण्यानं ते तात छेडत, खाली लोकर उडे, आणि तो आवाज चौक ओलांडून माझ्या ग्रंथालयापर्यंत येई. मी तिथं अर्धा दिवस काम करतो. सोफियाला साहित्य शिकलो, पदवी घेतली, आणि दुसरीकडे कुठं जायचं ते न सुचल्यामुळे परत आलो. दुपारी कुलूप लावून मी काकांकडे फासे खेळायला जाई.

"या पंडित. आज किती पुस्तकं गेली?"

"दोन."

"एक शेगडी पेटवायला गेलं असणार. दुसरं कशाला?"

मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्यांना मूल नव्हतं. गावात मित्र म्हणून नाव घ्यावं असा मला तो एकच माणूस होता.

डोळे मिटून चिमूटभर लोकर बोटांत धरली की ते सांगत, मेंढी कुठल्या उतारावरची, लोकर जिवंत मेंढीची कातरलेली की मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरून उपटलेली. सांगत ते सगळ्यांसमोर. मुलीच्या लग्नासाठी लोकर घेऊन आलेल्या एका बाईला ते भर दुकानात म्हणाले, "ही मढ्याची लोकर आहे. पोरीची पहिली रात्र मढ्यावर घालवणार आहेस का?" बाई रडत गेली. पुढच्या आठवड्यात दुसरी लोकर घेऊन आली. लोक त्यांना घाबरत आणि त्यांच्याकडेच येत. त्यांची गादी आईकडून मुलीकडे जाई.

स्वतःच्या लग्नातही त्यांनी तेच केलं. मुलीचा हुंडा आमच्याकडे अंगणात मांडतात, सगळ्यांना दिसावा म्हणून. वेलिकाकाकूंच्या आईनं दिलेली गादीही मांडली होती. नवऱ्या मुलानं खिशातून पातं काढलं, शिवण उसवली, आत हात घातला आणि मूठभर केस काढून पाहुण्यांना दाखवले. लोकरीत बकरीचे केस मिसळलेले होते. मग तो हसला, आणि लग्न पार पडलं. ही गोष्ट मला काकांनीच सांगितली, काकू समोर बसलेल्या असताना, विनोद म्हणून.

त्यानंतर चाळीस वर्षं काकूंनी त्यांच्या गाद्यांच्या खोळी शिवल्या. टाका लांब-आखूड झाला की काका सगळी शिवण कापून टाकत. "पुन्हा." काकू काही सांगायला गेल्या तर म्हणत, "गादीचं मी बघतो. तू सुई बघ."

मग बस थांब्याजवळ रादोस्लावनं स्पंजच्या गाद्यांचं दुकान काढलं. काका त्याला थेट काही बोलले नाहीत. ते अंत्ययात्रांना जाऊ लागले. कबरीशी उभं राहून हळूच शेजारच्याला म्हणत, "हा स्पंजवर झोपायचा. बघ, कुजला." हे वाक्य गावभर झालं. रादोस्लावचा धंदा एक हिवाळाभर बसला होता म्हणतात.

हे सगळं पडण्यापूर्वीचं.

जिल्ह्याच्या हॉस्पिटलातून काका नव्या वर्षात घरी आले. कमरेखाली काही कळत नव्हतं. माकडहाडाशी एक लाल चट्टा होता, तळहाताएवढा. त्यांना मागच्या खोलीत त्यांच्या स्वतःच्या गादीवर ठेवलं. ती गादी त्यांनी म्हातारपणासाठी करून ठेवली होती. वसंतातली पहिली कातरण, एकही गाठ नाही, इतकी जाड की पलंगावर चढायला काकूंनी पाट ठेवला होता.

"हिच्यावर मी मरणार आहे," ते मला म्हणाले. "पण वीस वर्षांनी. घाई करू नकोस."

फेब्रुवारीत चट्ट्याची कातडी फाटली. ईस्टरपर्यंत तिथं खड्डा झाला. काकांना तो दिसत नव्हता आणि दुखतही नव्हता. काकू पट्टी बदलत तेव्हा ते छताकडे बघत विचारत, "केवढी आहे?"

"अक्रोडाएवढी."

मग एकदा काकू म्हणाल्या, "आता अक्रोड म्हणता येणार नाही."

एव्दोकिया नर्स दर आठवड्याला येई. ठेंगणी, जाड, दम्याची बाई, जिना चढून आली की आधी खुर्चीत बसून श्वास गोळा करायची आणि मग बोलायची. तिनं एक दिवस गादी दोन्ही हातांनी चाचपली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "माझ्या आईकडे तुमचीच होती. पण तुमच्या कामाची नाही."

"काय?"

"स्पिरिदोन, रात्री कूस बदलणाऱ्या माणसाला ही गादी उत्तम. तुम्ही बदलत नाही. तुम्ही दगडासारखे एकाच जागी असता. हाड वरून दाबतं, गादी खालून. मधलं मांस चिरडतं, तिथं रक्त पोचत नाही, ते मरतं. वेलिका तुम्हाला कुशीवर करते, पण रात्रभर कोण जागणार? दोष गादीचा नाही. तुमचा आहे."

"माझा दोष काढायला तुला पगार मिळतो का?"

"नाही. तो मी फुकट काढते."

काकूंना हसू आलं होतं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

काकांना पाहिजे होती खुर्ची. गरम झऱ्यांच्या गावात एक केंद्र आहे, तिथं अशा माणसांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि तिथून रस्त्यावर जायला शिकवतात. काका दिवसभर तेवढाच विचार करत. दुकानातली धनुकली त्यांनी माझ्याकडून खाली बांधून घेतली होती, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतकी. "खुर्चीवरून तात वाजते," ते म्हणत. "खांद्याचं काम आहे. पायांनी कोण पिंजतं?" पण केंद्रवाले उघडी जखम घेत नाहीत. जखम बंद झाली तर खुर्ची, आणि खुर्ची आली तर दुकान. नाही तर हे छत.

म्हणून मे महिन्यात नर्सनं हवेची गादी आणली तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. ती गादी खालच्या गल्लीतली एक म्हातारी वारल्यामुळे मोकळी झाली होती. आडव्या रबरी नळ्या, एकीला एक लागून. पंप पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला. काही नळ्या फुगत, काही बसत, मग फुगलेल्या बसत आणि बसलेल्या फुगत. पंप मांजरासारखा गुरगुरत राही.

"जी नळी बसते तिच्यावरच्या मांसाला तेवढा वेळ श्वास मिळतो," नर्स म्हणाली. "वर एकच चादर, पातळ, सैल. ताणून खोचायची नाही. दुसरं काही घालायचं नाही. जितकं घालाल तितकी ही गादी मुकी होईल. आणि पंप बंद करायचा नाही, कोणी मेलं तरी."

"मेलं तर करू," काका म्हणाले. "वीज कशाला जाळायची."

लोकरीची गादी भिंतीला उभी करून ठेवली. काका तिच्याकडे तोंड करून पडत.

आणि जखम भरू लागली. उन्हाळ्यात तिचा तळ लाल झाला. नर्स म्हणाली लाल चांगलं, काळं वाईट. मग कडा आत सरकल्या. द्राक्षं झाली, लाल मिरच्या भाजून बरण्यांत भरल्या, पहिला बर्फ पडला. नोव्हेंबरच्या शेवटी नर्सनं दिवा धरून पाहिलं आणि उठताना पहिल्यांदा दम न लागता बोलली. "नखाएवढी राहिली. फेब्रुवारीत जागा आहे तिकडे. मी तुमचं नाव घातलंय."

काकांनी तोंडावर पांघरूण घेतलं. मग आतून आवाज आला, "पंडित, फासे काढ. आज तुला हरवतो."

या सगळ्या महिन्यांत ती खोली बंद असे. कोणी आलं की काकू दारातूनच सांगत, झोपलेत. आयुष्यभर स्पंजला शिव्या देणारा माणूस मेलेल्या म्हातारीच्या रबरावर पडला आहे, हे कोणाला दिसायला नको होतं. पण गुरगुर भिंतीपलीकडे जाते. खानावळीत रादोस्लाव मोठ्यानं म्हणाला, "स्पिरो आता फुग्यावर झोपतो. वेलिकाला सांगा, टाचण्या जपून ठेव." सगळी खानावळ हसली. मी तिथं होतो. काकांना मी हे सांगितलं नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

डिसेंबरच्या मध्यात संत स्पिरिदोनचा दिवस येतो. तो कारागिरांचा संत. ज्याचं नाव त्या संताचं, त्याच्या घरी त्या दिवशी लोक जातात. आमंत्रण कोणालाच नसतं. दार उघडं ठेवायचं आणि टेबल मांडायचं, एवढंच त्याच्या हातात. येणाऱ्याला अडवता येत नाही आणि झोपलेत म्हणून सांगता येत नाही. मागच्या वर्षी काका त्या दिवशी हॉस्पिटलात होते. या वर्षी घरी होते.

आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा काकू वाळलेल्या मिरच्यांत घेवडा भरत होत्या. आतून काकांनी हाक मारली.

"पंडित, इकडे ये. तुझ्या काकूला ही एकटीला उचलायची नाही."

"काय उचलायचं?"

त्यांनी भिंतीला उभ्या गादीकडे हनुवटी केली.

"काका, नर्स म्हणाली होती—"

"नर्स स्पेनला गेली लेकीच्या बाळंतपणाला. तिचं बाळ तिला लखलाभ. उद्याचा एक दिवस. हे रबर खाली राहू दे, वर माझी गादी घाला, पंप बंद करा. संध्याकाळी काढा."

"जखम नखाएवढी राहिलीय."

"मला दुखत नाही. तुला का दुखतं?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या हात पुसत दारात आल्या होत्या. मला वाटलं त्या बोलतील.

"पंप बंद केला तर रबर बसेल," काकू म्हणाल्या. "गादी एका बाजूला कलेल."

"गादीचं मी बघतो," काका म्हणाले.

काकूंनी मान डोलावली. "चादर कोणती घालू?"

"लग्नातली. भरतकामाची. ताणून खोच. घडी दिसता कामा नये."

माझ्या मदतीची गरज पडली नाही. शेजारचे दोघे आले, काकांना उचललं, गादी टाकली. काकूंनी चादर चारी बाजूंनी इतकी ताणून खोचली की वर नाणं टाकलं असतं तर उडालं असतं. मग वाकून पंपाचा खटका बंद केला. खोली एकदम शांत झाली. काका डोळे मिटून हसले.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आलं. नाताळाआधीचे उपासाचे दिवस होते, पण टेबल भरलेलं होतं. भोपळ्याची पोळी, आंबट कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, ब्रँडीच्या बाटल्या. काका पांढऱ्या सदऱ्यात, उशांना टेकून, अर्धे बसलेले. सगळं वजन खाली, त्या एका जागी.

रादोस्लावही आला. हातात बाटली, तोंडावर शोक. पलंगापाशी उभा राहून त्यानं कान दिला.

"काय ऐकतोस रे?" काका म्हणाले.

"काही नाही. म्हटलं, तब्येत कशी."

"दाब. दाबून बघ. चावत नाही ती."

रादोस्लावनं मूठ दाबली. मूठ आत गेली आणि गादीनं ती परत वर ढकलली.

"कळलं का काही?" काका म्हणाले. "ही लोकर. फुगे तुझ्या दुकानात. पोरांच्या वाढदिवसाला घेऊन जाईन."

हशा पिकला. रादोस्लावही हसला, त्याला दुसरं काय करता येणार होतं. एका बाईनं आपलीही मूठ दाबून बघितली, आणि म्हणाली, माझ्या सुनेसाठी अशीच हवी. तिच्यामागून आणखी एक. मग रांगच लागली. लोक पेला घेत, पलंगाशी येत, काकांच्या मांडीशेजारी मूठ दाबत आणि मान हलवत. काकांची मांडी दाबली गेली तरी त्यांना कळत नव्हतं. ते तोंडी मागण्या घेत होते. वसंतात देतो, खुर्चीत बसून स्वतः पिंजून देतो.

इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी म्हणालो, "काढू या?"

"उद्या वरच्या वाडीतले येणार आहेत. आज चढण बर्फानं बंद होती."

वाडीतले आले. मग त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. पिंजाऱ्याच्या अंगाखालचा नमुना दाबून बघायचा आणि मग गादी करायला सांगायची, अशी पद्धतच पडली. दुकानात नमुना नव्हता, तो पलंगावर होता. आणि पलंगावर पिंजारी होता. काका कोणालाच नाही म्हणेनात. मी रोज विचारत होतो. नाताळ होऊ दे, म्हणाले. मग नवं वर्ष होऊ दे. कुशीवर करायला काकू आल्या की म्हणत, "थांब, कोणीतरी जिना चढतंय."

"जखम कशी आहे?" मी काकूंना स्वयंपाकघरात विचारलं.

"आहे."

"म्हणजे?"

"हे म्हणतात दुखत नाही."

त्यांनी शेगडीवर चर्चमधून आणलेली वाळकी तुळस जाळली होती. त्या रोज जाळत. खोलीत धूर आणि लोकर यांचा वास येई, आणि त्याच्याखाली आणखी एक गोडसर वास. मला वाटलं भोपळा नासला असेल.

जानेवारीत नर्स परत आली तेव्हा काकांना दोन दिवस ताप होता. ती जिना चढली आणि खुर्चीत बसली नाही. दारातच थांबली. नाकानं एकदा श्वास घेतला. मग वाकून पंपाचा खटका पाहिला.

"कधीपासून?"

काकूंनी चादरीची खोचलेली कड सोडवली.

"पंडित, त्या बाजूला हो. वेलिका, खांदे धर."

आम्ही त्यांना कुशीवर केलं. चादर चिकटली होती, तिच्याबरोबर पट्टी निघाली. मी तिकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. आत पांढरं काहीतरी होतं. पू असावा असं मला वाटलं. नर्स म्हणाली, हाड आहे.

मग तिनं त्यांच्या जागी गादीवर हात ठेवला. बोटांनी दाबली. मुठीनं दाबली. मग मुठीनं ठोकलं. लाकडावर ठोकल्यासारखा आवाज आला.

"इथं आत काय घातलंय? फळी?"

"फळी कोण घालेल," काका भिंतीकडे तोंड असतानाच म्हणाले. ताप होता तरी आवाज तोच. "कुठं?"

"तुमच्याखाली. जिथं तुम्ही होतात तिथं."

काकांनी हात मागे नेला. पोचेना. नर्सनं त्यांचं मनगट धरून तिथं ठेवलं. बोटं हलली. ज्या बोटांनी ते मेंढीचा उतार सांगत, ती बोटं खळग्यात फिरली, कडेला आली, परत आत गेली. ओल, ऊब आणि दाब एकत्र आले की लोकर गुंतून घट्ट होते. तिचे तंतू मग परत सुटत नाहीत. त्यासाठीच तर पिंजारी लागतो. घाम होता, लघवी झिरपत होती, अंग तापलेलं होतं, आणि त्यावर सगळा माणूस होता, उशांना टेकलेला.

"नमदा झालाय," काका म्हणाले.

नर्सनं त्यांचं मनगट सोडलं.

"माझ्याखाली नमदा झालाय," ते पुन्हा म्हणाले. मग त्यांनी तो हात नाकाशी नेला.

हॉस्पिटलात मेलेलं मांस कापलं. हाडात जंतू गेले होते, तेही खरवडलं. काका मरतील असं डॉक्टर दोनदा म्हणाले. ते मेले नाहीत. मार्चच्या शेवटी घरी आले. आता ते कुशीवर असतात, कधी पालथे. खाली रबर, पंप चालू. पाठीवर कधीच ठेवायचं नाही.

एप्रिलात एक दिवस मी जिना चढत होतो तर दुकानातून तातीचा आवाज आला. मी धावत खाली गेलो. वेलिकाकाकू पिंजत होत्या. डोक्याला रुमाल, भुवयांवर लोकरीचं पीस. धनुकली त्यांनी पुन्हा वर बांधली होती, उभ्या माणसाच्या हाताला.

"लोकांनी सांगितलेल्या गाद्या आहेत," त्या म्हणाल्या. "शब्द दिलेला आहे."

वरच्या मागच्या खोलीतून काका ओरडले, "तात ढिली आहे! फुटलेल्या घंटेसारखी वाजतेय! ऐकतेस का?"

काकूंनी ठोकणा उचलला आणि पुन्हा मारला. तात खरंच ढिली होती. त्यांनी ती घट्ट केली नाही.

"काकू," मी म्हणालो, "तुम्हाला दिसत होतं ना?"

"पट्टी रोज मीच बदलत होते."

"मग सांगितलं का नाही?"

त्या थांबल्या. लोकर हातात घेऊन विंचरल्यासारखी मोकळी करत राहिल्या. राग नव्हता, रडू नव्हतं. दुधाला उतू जाऊ द्यायचं नाही म्हणून बाई बघत राहते ना, तशा त्या लोकरीकडे बघत होत्या.

"त्यानं विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आधी विचारत होता केवढी आहे, मी सांगत होते. मग लोक यायला लागले, आणि त्यानं विचारायचं सोडलं. गादीच्या बाबतीत मला कधी विचारलंय त्यानं?"

मी साहित्य शिकलो आहे. अशा जागी काय म्हणतात ते मला माहीत असायला हवं होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "तुला बोलावतोय."

काका पालथे होते. गाल उशीवर, एक डोळा माझ्याकडे. अंग अर्धं झालं होतं. फासे नको म्हणाले.

"फोन आहे ना? केंद्राला लाव."

"काका, फेब्रुवारीची जागा गेली."

"दुसरा फेब्रुवारी येतो. लाव, आणि माझ्या कानाशी धर."

मी लावला. पलीकडे एक तरुण बाई होती, आवाज गोड. नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "जखम बंद झाली आहे का?"

"होतेय," काका म्हणाले.

"म्हणजे किती आहे अजून?"

"थोडी. नखाएवढी."

"छान," बाई म्हणाली. "मग असं करा, तिचा एक फोटो या नंबरवर पाठवा. डॉक्टर बघतील आणि लगेच सांगतील. आज पाठवलात तर आजच."

फोन बंद झाला. काका माझ्याकडे बघत होते. तो एक डोळा चमकत होता.

"काढ फोटो. बघतील तरी. आता ती कितीशी असेल? हॉस्पिटलातले धरून तीन महिने मी फक्त रबरावर आहे. रबरावर भरते ती. गेल्या वेळी भरली होती."

मी फोन खाली केला. दारात काकू होत्या. तातीचा आवाज केव्हा थांबला ते मला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पांघरूण बाजूला केलं, पट्टी सोडली. त्यांना ते सफाईनं येत होतं. फोन वरून धरला, उजेडासाठी थोडा कलता केला आणि बटण दाबलं. मग पट्टी न बांधताच त्या पलंगाच्या या बाजूला आल्या आणि वाकल्या.

काकांनी ती जखम कधी पाहिली नव्हती. अक्रोड, नख, एवढं त्यांनी ऐकलं होतं. काकूंनी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

काकांनी पाहिलं. आधी त्यांना समजलं नाही काय आहे. मग समजलं. बोटं उशीच्या कडेवर आली आणि तिथंच थांबली.

"पाठवू?" काकूंनी विचारलं.

त्यांनी मान वळवायला पाहिली, पण पालथ्या माणसाला मान एकाच बाजूला ठेवता येते.

"बाजूला कर," ते म्हणाले.

पंप गुरगुरत होता. नळ्यांची एक ओळ बसली, दुसरी फुगली, आणि काका थोडे वर आले, फोनच्या आणखी जवळ. काकूंचा हात हलला नाही.